पाळी मोडू नका, तास कमी करा : अणुविजेच्या पैशांच्या वाटणीविषयी खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, अणुऊर्जा विभाग, भारत सरकार, मुंबई
मा. सचिव, ऊर्जा मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

विषय : अणुऊर्जा प्रकल्पांसाठी वीजग्राहकांकडून जमा होणारी रक्कम कमी पडल्यास तिची वाटणी कशी करावी, याचा नियम आधीच लिहून ठेवण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

मी करवीर तालुक्यातील एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा निवृत्त सचिव आहे. भोगावती नदीचे पाणी मोटारींनी उचलून ते माळावरच्या उसाला पोहोचवणे, त्याची पाणीपट्टी वसूल करणे आणि त्या वसुलीतून वीजबिल, बँकेचा हप्ता व नोकरांचे पगार भागवणे, हे काम मी जवळजवळ तीस वर्षे केले. अणुभट्टी कशी चालते, जैतापूरचा प्रकल्प व्हावा की होऊ नये, यांविषयी या पत्रात मी एकही वाक्य लिहिणार नाही. त्या वादात माझ्यापेक्षा अधिकारी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. मला कळतो तो प्रश्न अगदी साधा आहे. देणी शंभर रुपयांची आहेत आणि तिजोरीत साठच रुपये आहेत, तर कोणाला किती द्यायचे? हा प्रश्न अणुविजेच्या बाबतीत आपल्यासमोर लवकरच येणार आहे, आणि तो आल्यावर उत्तर शोधायला बसलो तर उत्तर चुकेल, अशी माझी खात्री असल्याने हे पत्र लिहीत आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट, अणुवीज उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. आज देशाची अणुवीज क्षमता नऊ हजार मेगावॅटच्या आतच आहे, म्हणजे दोन दशकांत ती अकरा पटींच्या वर न्यायची आहे. त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुहानी दायित्व कायदा बाजूला सारून नवा कायदा मंजूर केला आणि आजवर सरकारी कंपन्यांपुरत्या मर्यादित असलेल्या या क्षेत्राचे दार खासगी भांडवलाला उघडले. आता खासगी भांडवल आत येताना दारातच विचारणार की, माझे पैसे कोण देणार, कधी देणार आणि ते आले नाहीत तर काय? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर लिहिले-बोलले जाईल. तिसऱ्यावर मात्र कोणी सविस्तर बोलत नाही, कारण करार करण्याच्या दिवशी तुटीचे नाव काढणे अशुभ मानले जाते. लग्नाच्या याद्या करताना सोडचिठ्ठीची गोष्ट कोण काढणार?

अणुवीज केंद्राचा खर्च बहुतांश बांधणीत असतो आणि इंधनाचा त्या मानाने थोडा. बांधणीला दहा-बारा वर्षे लागली तर त्या काळात घेतलेल्या कर्जावरचे व्याजच इतके चढते की पुढे विजेच्या दरात त्याचा वाटा मोठा राहतो. यावर ब्रिटनने एक वाट काढली. तेथे मार्च २०२२ मध्ये अणुऊर्जा वित्तपुरवठ्याचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार केंद्र बांधून होण्याची वाट न पाहता, बांधणी चालू असतानाच ग्राहकांच्या वीजबिलातून थोडी रक्कम गोळा करायची आणि नियामकाने ठरवलेले उत्पन्न कंपनीला देत राहायचे. हिंकली पॉइंट येथील आधीच्या केंद्रासाठी वीज सुरू होईपर्यंत ग्राहकाने काही द्यायचे नव्हते. सफोक परगण्यातील साइझवेल सी या केंद्रासाठी मात्र ही नवी पद्धत वापरली जात आहे. त्या केंद्राचा अंतिम गुंतवणूक निर्णय जुलै २०२५ मध्ये झाला, अंदाजित खर्च २०२४ च्या किमतींनुसार ३८ अब्ज पौंड आहे, आणि बांधणीच्या काळात एका घराला महिन्याला सरासरी एक पौंडाच्या आसपास भार पडेल, असे तेथील सरकारने सांगितले आहे. आम्हा कोल्हापूरकरांना हे फार दूरचे वाटण्याचे कारण नाही. अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर तालुका लागतो आणि तेथे जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या ज्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, त्या साइझवेलच्याच फ्रेंच जातीच्या आहेत. भट्टी त्या जातीची येणार असेल तर पैसे उभारण्याची रीतही तिच्या पाठोपाठ येईल, असा अंदाज बांधायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

त्या रीतीत पैशाचा प्रवास कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. ग्राहक बिल भरतो वीजपुरवठादाराकडे. पुरवठादार आपल्या वाट्याची रक्कम सरकारी मालकीच्या एका मध्यस्थ कंपनीकडे, म्हणजे लो कार्बन कॉन्ट्रॅक्ट्स कंपनीकडे भरतो. ती कंपनी पुढे अणुकेंद्राला देते. मध्यस्थ कंपनीकडे स्वतःचा पैसा नाही. ती फक्त एक पाट आहे, वरून आले तेवढेच खाली सोडणारा. आता वरूनच कमी आले तर? २०२१ आणि २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा ब्रिटनमधील सुमारे तीस वीजपुरवठादार बुडाले, हे उदाहरण ताजे आहे. म्हणून पुरवठादारांकडून आधी तारण घेऊन ठेवायचे, त्यावर राखीव रक्कम ठेवायची, तीही पुरली नाही तर बुडालेल्याचा वाटा उरलेल्या पुरवठादारांवर टाकायचा, अशी व्यवस्था आहे. आणि इतके करूनही पैसे कमीच पडले, तर मध्यस्थ कंपनीने ते कसे वाटायचे याचे नियम मंत्र्यांनी करावेत, आणि ते करताना ज्याचे जितके येणे आहे त्याला तितक्या प्रमाणात द्यावे हे तत्त्व ध्यानात ठेवावे, असे त्या कायद्यानेच सांगून ठेवले आहे. राहिलेले येणे बुडत नाही, ते मागाहून पैसे आल्यावर द्यायचे.

मला त्या कायद्यातील हेच कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते कलम लिहिले गेले तेव्हा त्या पद्धतीने एकही केंद्र उभे राहिलेले नव्हते, एक पौंडही जमा झालेला नव्हता. कोणाचेही येणे बाकी नसताना वाटणीचे तत्त्व ठरवणे सोपे असते, कारण उद्या आपण पाटाच्या तोंडाशी असू की शेवटच्या टोकाला, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते.

आपल्याकडे मात्र कोण तोंडाशी आणि कोण टोकाला, हे आधीपासून ठरलेले असते. केंद्रीय वीज कंपन्यांच्या पाठीशी केंद्र सरकार, राज्य सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातील त्रिपक्षीय करार आहे. राज्याच्या वितरण कंपनीने पैसे थकवले तर ते राज्याच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यातून परस्पर वळते करून घेता येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये झारखंडच्या खात्यातून दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनच्या थकबाकीपोटी १,४१७ कोटी रुपये असेच काढून घेतले गेले. त्याच्या खालोखाल ज्यांच्याकडे बँकेचे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बिल थकल्यास बँकच पैसे देईल असे हमीपत्र, आहे त्या कंपन्या. आणि सर्वांत शेवटी पवनचक्कीवाले, छोटे सौरप्रकल्प, उसाच्या चिपाडावर वीज करणारे सहवीज प्रकल्प. जून २०२२ मध्ये केंद्राने विलंब अधिभाराचे नवे नियम आणले तेव्हा देशातील वितरण कंपन्यांची जुनी थकबाकी सुमारे १ लाख ४० हजार कोटी रुपये होती आणि ती जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडायची सोय त्या नियमांत होती. त्या नियमांचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. आलेल्या रकमेतून आधी विलंब अधिभार आणि मग सर्वांत जुने बिल वळते करायचे, असा क्रमही त्यांत आहे. पण हा क्रम एका कंपनीच्या बिलांमधला आहे. अणुकेंद्रासाठी ग्राहकाकडून वेगळा पैसा गोळा होऊ लागला आणि त्या एका खात्यावर चार-पाच केंद्रांचे येणे असले, त्यांतले एक सरकारी, एक संयुक्त आणि दोन खासगी असले, तर तुटीच्या महिन्यात त्यांच्यामध्ये काय होईल, याचे उत्तर हमीच्या बळावर सोडून देणे बरोबर नाही.

हमीच्या बळावर सोडून दिल्याचे काय होते, हे महाराष्ट्राने एकदा चांगलेच पाहिले आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पासाठी, ज्याला आपण सगळे एन्रॉन म्हणूनच ओळखतो, राज्य वीज मंडळाच्या वसुलीवर एस्क्रो खात्याची, म्हणजे ठरलेल्या देण्यासाठी वसुली वेगळ्या खात्यात राखून ठेवण्याची, व्यवस्था होती, तिच्यावर राज्य सरकारची हमी होती आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी होती. एका तिजोरीला तीन कुलपे. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, २००१ च्या सुरुवातीला मंडळाचे पैसे थकले, कंपनीने आधी राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने वीज घेणेच बंद केले. पुढे कंपनी बुडाली, आपल्याच बँकांचे कर्ज अडकले आणि प्रकल्प काही वर्षे गंजत पडला. तो प्रकल्प अणूचा नव्हता, वायू आणि नाफ्त्याचा होता, हे मला ठाऊक आहे. परंतु तीन कुलपांच्या आत पैसाच नव्हता आणि असलेला पैसा कसा वाटायचा हे कोणत्याही कुलपावर लिहिलेले नव्हते, हा धडा इंधनावर अवलंबून नाही.

आता माझ्या अनुभवाकडे येतो, कारण त्याच्याच आधारावर मी आपल्याला काही सुचवण्याचे धाडस करत आहे.

आमच्या संस्थेची पाणीपट्टी सभासदांच्या ऊसबिलातून कपात होऊन येत असे. साखर कारखान्याने बिल काढले की त्यातून आधी विकास सेवा संस्थेचे पीककर्ज जायचे, मग आमची पाणीपट्टी, मग उरलेले शेतकऱ्याच्या खात्यावर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यायचे असते. पण साखरेचे भाव पडले की कारखान्याकडेच पैसा नसतो, कारण गोदामातली साखर बँकेकडे तारण असते आणि विकलेल्या प्रत्येक पोत्यातून बँक आपला भाग आधी कापून घेते. अशाच एका हंगामात बिलाचा हप्ता निम्म्याच्या आसपास निघाला. सेवा संस्थेने नियमाप्रमाणे आपले पूर्ण घेतले. आमच्यापर्यंत काही पोहोचलेच नाही. वीजबिल थकले, एप्रिलच्या मध्यावर वीज तुटली आणि अठरा दिवस मोटारी बंद राहिल्या. एप्रिलच्या उन्हात माळावरच्या खोडव्याला अठरा दिवस पाणी नसणे म्हणजे काय, हे मुंबईत बसून समजणार नाही म्हणून सांगतो : ऊस मरत नाही, पण वाढ खुंटते आणि कांड्या आखूड पडतात. पुढच्या हंगामात सभासदांचे टनेज घटले, आणि मग ज्या सेवा संस्थेने आपले पूर्ण घेतले होते तिचेच पीककर्ज मोठ्या प्रमाणावर थकले. पहिल्या क्रमांकाच्या धनकोने पहिल्या वर्षी सगळे नेले आणि त्यामुळेच दुसऱ्या वर्षी तो अडचणीत आला. यात सेवा संस्थेचा दोष मी मानत नाही. तिने क्रम पाळला, क्रमच चुकीचा होता.

त्यानंतरच्या संचालक मंडळाच्या सभेत बराच गोंधळ झाला. प्रत्येकाकडे आपल्या येण्याला पहिला हक्क का असावा याचे कारण होते आणि प्रत्येक कारण खरे होते. शेवटी आमच्या वयोवृद्ध पाटकऱ्याने, ज्याला सभेत बोलायचा अधिकारही नव्हता, दारातूनच सांगितले, "पाणी कमी आलं म्हणून पाळी मोडायची नसती, तास कमी करायचे असत्यात. पन मोटारीचं त्याल आधी." त्याला म्हणायचे होते ते असे. पाळीत प्रत्येक शेतकऱ्याला सहा तास पाणी मिळते आणि नदी खाली गेली, तर पाटाच्या तोंडाशी असलेल्या दहा जणांना पुरे सहा तास द्यायचे आणि शेवटच्या पाच जणांना कोरडे ठेवायचे, हा न्याय नव्हे. पंधराही जणांना चार-चार तास द्यायचे. मात्र ज्याच्याशिवाय पाणीच चढणार नाही, त्या मोटारीच्या तेलाला ही काटछाट लावायची नाही, कारण ते तेल कोणा एकाचा वाटा नाही, सगळ्यांच्या वाट्याचे मूळ आहे.

आम्ही तसा ठराव केला. वीजबिल आणि मोटारींची दुरुस्ती पूर्ण द्यायची; बाकी सगळ्यांना, म्हणजे बँकेचा हप्ता, पाइपवाला व्यापारी, नोकरांचे पगार, या सगळ्यांना रुपयामागे सारखेच पैसे द्यायचे. पहिल्या महिन्यात ते रुपयाला अठ्ठावन्न पैसे बसले. माझा पगारही त्यातच होता. त्या महिन्यात माझ्या घरी काय बोलणे झाले, हा या पत्राचा विषय नाही. राहिलेले बेचाळीस पैसे प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र वहीत मांडले आणि पुढच्या वसुलीतून त्याच प्रमाणात फेडले. बँकेने सुरुवातीला नकार दिला, कारण तिच्याकडे गहाणखत होते. पण गहाण काय होते, तर जमिनीखाली पुरलेली पाइपलाइन आणि नदीकाठचे जॅकवेल. ते जप्त करून बँक तरी काय करणार होती? तिसऱ्या बैठकीत तिने मान्यता दिली आणि दोन हंगामांत तिचे पूर्ण पैसे फिटले.

हा छोटा अनुभव अणुविजेला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे उघड आहे. आमच्याकडे थकले तर ऊस खुंटतो. अणुकेंद्राचे पैसे थकले तर केंद्र "काही दिवस बंद" ठेवून चालत नाही, कारण वीज बनवणे थांबवल्यानंतरही भट्टीतील इंधन तापतच राहते आणि ते थंड ठेवण्याचा, राखण्याचा, त्यावर पहारा ठेवण्याचा खर्च थांबत नाही. म्हणजे पाटकऱ्याच्या भाषेतले मोटारीचे तेल येथे फार मोठे आहे. माझी पहिली विनंती त्यासाठीच आहे. सुरक्षेचा खर्च, वापरलेल्या इंधनाची राखण आणि आयुष्य संपल्यावर भट्टी मोडीत काढण्यासाठीचा निधी हे तिन्ही समप्रमाणाच्या वाटणीत घालूच नयेत. ते वाटणीच्या आधी आणि पूर्ण भरले जावेत. आपल्याकडे भट्टी मोडीत काढण्यासाठी विजेच्या प्रत्येक युनिटमागे दोन पैसे आकारले जातात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासून आहेत, म्हणजे हा खर्च आपल्यासाठी काल्पनिक राहिलेला नाही. दोन पैसे पुरेसे आहेत का, हा वेगळा वाद आहे आणि तो जाणकारांनी जरूर घालावा. पण ते दोन पैसे तुटीच्या महिन्यात भागधारकांच्या लाभांशाच्या किंवा कर्जाच्या हप्त्याच्या रांगेत उभे राहता कामा नयेत. ब्रिटनमध्ये २००८ च्या ऊर्जा कायद्यानुसार भट्टी मोडीत काढण्याच्या खर्चाची मंजूर योजना हातात असल्याशिवाय अणुकेंद्राची बांधणीच सुरू करता येत नाही. आपण निदान एवढे करू शकतो की तो पैसा वेगळ्या खात्यात, धनकोंच्या हाताबाहेर ठेवावा.

हे बाजूला काढल्यावर जे उरेल ते सर्व केंद्रांना येण्याच्या प्रमाणात मिळावे, मग ते केंद्र न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे असो, संयुक्त कंपनीचे असो की खासगी. सरकारी कंपनीला त्रिपक्षीय कराराचे वेगळे संरक्षण असेल तर या खात्यापुरते ते स्थगित ठेवावे लागेल. हे वाक्य लिहिणे सोपे आहे आणि अमलात आणणे अवघड, याची मला कल्पना आहे. तरीही ते टाळले तर बाकीचा सगळा नियम कागदावर राहील, कारण एकाने मागच्या दाराने पूर्ण नेल्यावर पुढच्या दारातील समान वाटणीला काय अर्थ उरतो?

तूट म्हणजे नेमके काय, हेही लिहून ठेवावे. वितरण कंपनीचे पैसे दोन दिवस उशिरा आले तर ती तूट आहे का? लेटर ऑफ क्रेडिट वटवून रक्कम भरून काढता येत असेल तर तूट कोणत्या दिवशी सुरू झाली असे धरायचे? आमच्या सभांमधील निम्मी भांडणे वाटणीवर होत नसत, आज वाटणी करायचीच आहे का यावर होत असत.

यापुढचा मुद्दा ग्राहकांचा आहे आणि मला तो सर्वांत जास्त छळतो. तूट भरून काढायची सोपी वाट म्हणजे जो भरतो त्याच्यावर आणखी टाकणे. आमच्याही सभेत ही सूचना आली होती. वेळेवर भरणाऱ्या सभासदांची पाणीपट्टी एकरी वाढवून बुडव्यांची भर काढावी, असे दोघा-तिघांचे म्हणणे होते. आम्ही एक वर्ष थोडेसे तसे केलेही, आणि पुढच्या वर्षी वेळेवर भरणाऱ्यांतलेच काही जण मागे राहू लागले. त्यांचे म्हणणे साधे होते की, भरून दंड बसत असेल तर न भरणेच बरे. ब्रिटनमध्ये बुडालेल्या पुरवठादाराचा भार उरलेल्यांवर टाकण्याची जी पायरी आहे, ती आपल्याकडे तशीच आणली तर तिचा अर्थ असा होईल की एका राज्याची वितरण कंपनी थकली तर दुसऱ्या राज्याच्या घरगुती ग्राहकाचे बिल वाढेल. म्हणून या पायरीला एक कमाल मर्यादा असावी, युनिटमागे इतके पैसे आणि वर्षातून इतकेच महिने, अशी. मर्यादा गाठली की उरलेली तूट धनकोंनी प्रमाणात सोसावी, ग्राहकाने नव्हे. भांडवल पुरवणाऱ्याला व्याज आणि परतावा मिळतो तो जोखमीचाच. सगळी जोखीम ग्राहकाच्या बिलात गेली तर तो परतावा कशासाठी?

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात २००७ च्या एका कायद्याने बांधणी चालू असतानाच ग्राहकांकडून वसुली करायची मुभा वीज कंपनीला मिळाली होती. तेथील दोन भट्ट्यांचे काम सुमारे नऊ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर ३१ जुलै २०१७ रोजी सोडून देण्यात आले. दर तोवर पुन्हा पुन्हा वाढलेले होते आणि वीज एक युनिटही मिळाली नाही. आधी घेतलेल्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्न मग न्यायालयात आणि विधिमंडळात वर्षानुवर्षे चालला. प्रकल्प अर्ध्यावर सुटला तर जमा असलेली रक्कम कोणाची, हेही आपल्या नियमात पहिल्या दिवसापासून असावे, आणि माझ्या मते त्या रकमेवर पहिला हक्क ती भरणाऱ्याचा असावा.

त्याहून जुने उदाहरण वॉशिंग्टन राज्यातले आहे. तेथील सार्वजनिक वीज संस्थांनी मिळून अणुकेंद्रांसाठी रोखे काढले होते. वीज मिळो न मिळो, आम्ही पैसे देऊ, असे ८८ छोट्या संस्थांनी लिहून दिले होते. १९८३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे लिहून देण्याचा अधिकारच त्या संस्थांना नव्हता. दोन भट्ट्यांच्या २.२५ अब्ज डॉलरच्या रोख्यांची परतफेड थांबली. आपल्या वितरण कंपन्यांकडून असेच लिहून घेण्याआधी, त्यांना तसा अधिकार आहे का आणि राज्याच्या नियामक आयोगाने ते मान्य केले आहे का, हे तपासून घ्यावे. अणुविजेचा दर आजवर अणुऊर्जा विभाग ठरवत आला आणि राज्याचा आयोग तो केवळ पुढे ग्राहकाकडे नेत आला. बांधणीच्या काळातच वसुली करायची असेल, तर आयोगाला केवळ पोस्टमन ठेवून चालणार नाही.

एक गोष्ट राज्य सरकारविषयीही लिहिली पाहिजे. तूट दर वेळी ग्राहकाच्या बुडवेपणातून येते, असे नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे आणि त्या विजेचे पैसे सरकारने वितरण कंपनीला द्यायचे आहेत. २००३ च्या वीज कायद्याच्या ६५ व्या कलमानुसार अनुदानाची रक्कम सरकारने आगाऊ द्यावी लागते. ती वेळेवर आली नाही तर वितरण कंपनीच्या हातातील पैसा कमी पडतो आणि मग अणुवीज खात्याची वाटणीही कमी पडते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दिसते की शेतकरी भरत नाही. (आमच्यासारख्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोठ्या मोटारी त्या सवलतीत बसत नाहीत, त्यामुळे आम्ही आमचे बिल भरतच असतो, एवढे नमूद करून ठेवतो.) म्हणून दर महिन्याला तूट किती आणि ती कोठून आली, सरकारी अनुदान राहिले म्हणून, गावच्या पाणीपुरवठ्याची आणि पथदिव्यांची बिले राहिली म्हणून, की ग्राहकांची वसुली कमी झाली म्हणून, हे आकडे मराठीत प्रसिद्ध व्हावेत. आम्ही वाटणीचा तक्ता चावडीवर चिकटवत होतो. कोणाला किती मिळाले हे सगळ्यांना दिसत असल्याने कमी मिळाल्याची तक्रार झाली, फसवल्याची झाली नाही.

या नियमांचा मसुदा आपण करावा आणि अणुवीज खात्यात पहिला रुपया जमा होण्याआधी तो सुनावणीला ठेवावा, अशी विनंती आहे. सुनावणी पुण्या-मुंबईतच न ठेवता एक कोल्हापुरात किंवा रत्नागिरीत ठेवावी, आणि शक्य असल्यास ती नोव्हेंबर ते मार्च या गाळपाच्या दिवसांत ठेवू नये, कारण त्या काळात ऊसतोडीच्या मागे लागलेला शेतकरी आणि पाणीपुरवठा संस्थांचे सचिव कोठेही जाऊ शकत नाहीत. मी निवृत्त आहे, मी कोणत्याही महिन्यात येईन, आणि येताना आमच्या संस्थेची ती जुनी वही सोबत आणीन.

कळावे,

आपला विश्वासू,
सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा एक निवृत्त सचिव
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर